पन्नास मिनिटं

दूर धावपट्टीवरून विमान उठलं तसं म्हाताऱ्याने गच्चीत उभ्या उभ्याच मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि हातातल्या कागदावर लिहिलं : पाच बारा. तीस वर्षं विमानतळाच्या टॉवरमध्ये काढलेल्या माणसाची ही खोड निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. या विमानात त्याचा मुलगा होता. निदान तसं सांगून तो दुपारी निघाला होता.

मुलगा महिन्यातून एकदा यायचा, दोन तास बसायचा आणि परत जायचा. साडेतीनशे किलोमीटर अंतर, पन्नास मिनिटांचा प्रवास. त्या दोन तासांसाठी त्याची आई आठ दिवस आधीपासून घर डोक्यावर घ्यायची. "एवढ्या लांबून येतं हो पोर," असं भेटेल त्याला ऐकवायची. पण दोन महिन्यांपूर्वी मोठं विमान बंद होऊन छोटं सुरू झालं होतं, आणि त्याला सव्वा तास लागत होता. गेल्या खेपेला मुलाचा 'पोहोचलो' म्हणून फोन आला तो मात्र बरोबर पन्नास मिनिटांनी. तेव्हापासून म्हाताऱ्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती.

सहा वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला.

"बाबा, पोहोचलो. आईला सांगा."

"विमान कसलं होतं रे?"

"नेहमीचंच."

"खिडकीतून पंखा दिसत होता का?"

"विमानाला कुठला आलाय पंखा, बाबा?" मुलगा हसला.

त्या छोट्या विमानाला दोन्ही बाजूंना हे एवढाले पंखे होते. आंधळ्यालासुद्धा आवाजावरून कळले असते. म्हातारा काही बोलणार तोच सहाचं उतरणारं विमान घरावरून घरघरत गेलं. तो सवयीने आकडे मोजू लागला. आठ म्हणतोय न म्हणतोय तोच तीच घरघर फोनमधून ऐकू आली.

आठ सेकंदांत उतरतं विमान जेमतेम अर्धा किलोमीटर जातं. म्हणजे बाजारामागच्या नव्या इमारती. पोरगा इथेच राहत होता; तिथून रोज चालत आला असता. म्हाताऱ्याला राग आला, आणि रागाहून जास्त वाईट वाटलं. एवढं काय केलं होतं आपण त्याचं?

"बाबा? ऐकताय ना?"

"ऐकतोय. नीट जा घरी."

बायको जिन्यात येऊन उभीच होती. हिला कळलं तर ही अंथरूण धरेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"पोहोचला?"

"पोहोचला."

"इतक्यात? सव्वा तास लागतो म्हणत होतात ना?"

"आज वारा पाठीशी होता."

तिचा चेहरा खुलला.

"मग एवढं जवळ झालंय तर दर आठवड्याला यायला सांगा की त्याला."