तांबड्या दोऱ्यांचे गाव

मित्रांनो, मी एक अख्खे गाव आहे आणि तरीही एका टेबलावर मावतो! हसू नका. मी खजुराच्या लाकडाचा, कोपरे झिजलेला, जुना नमुना आहे. लिबियाच्या वाळवंटातला आमचा झरा, आमची मशीद आणि एकमेकांना खेटून उभी असलेली मातीची घरे, सगळे माझ्या अंगावर आहे.

हमूदा सुताराने मला घडवले. तो गल्लीगल्लीतून हिंडला, मान वर करकरून त्याने भिंती न्याहाळल्या आणि एकेक घर वेगळे कोरले. कुठल्याही घरावर नवा मजला ठेवून पाहता येईल अशी सोय केली. मग चुन्याचा हात देऊन मला नगररचनेच्या कचेरीत नेऊन ठेवले. काय माझा थाट सांगू!

कचेरीचे साहेब होते सी नूरी; 'सी' म्हणजे आमच्याकडचे 'श्रीयुत'. कोणाला काही बांधायचे असेल तर तो आधी त्यांच्याकडे येई. सी नूरी त्याच्या घरावर एक लाकडी ठोकळा ठेवत आणि हातात दिवा धरून तो सूर्यासारखा माझ्यावरून फिरवत. आमच्या घरांना उजेड येतो तो छपरातल्या एकाच झरोक्यातून. ठोकळ्याची सावली शेजाऱ्याच्या झरोक्यावर पडली, की परवानगी नाही.

"सी नूरी, अहो एवढीशी तर सावली!" एखादा गयावया करी.

"तुझ्यासाठी एवढीशी. खाली शेजाऱ्याच्या बायकोला भरदुपारी दिवा लावून भाकरी भाजावी लागेल, त्याचं काय?"

भांडत आलेले शेजारी मुकाट्याने हात मिळवून परत जात. "याच्यापुढे काही चालत नाही बुवा," असे म्हणत माझ्या अंगावर थाप मारत. मी नुसता फुगून जाई. माझ्यात काही चूक असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हते.

एके दिवशी खजुरांचा व्यापारी फरज आला. आवाज मोठा, धीर छोटा असा हा माणूस. त्याच्या मुलाचे, तौफीकचे, लग्न तोंडावर आले होते आणि नव्या सुनेसाठी त्याला गच्चीवर खोली बांधायची होती. ठोकळा ठेवला, दिवा फिरला, आणि एकाही झरोक्यावर सावली नाही! फरजने आनंदाने टाळीच वाजवली. शेंगदाणे घातलेला गोड चहा आला.

"मारा शिक्का!" फरज म्हणाला.

"मारतो. पण घर तुझ्या बायकोच्या नावावर आहे. तिची सही लागेल."

"आहे हो, सासऱ्यांनी दिलंय. रोज ऐकतोच मी ते."

दुसऱ्या दिवशी फरज त्याच्या बायकोला, मबरूकाला, घेऊन आला. आमच्या कचेरीत पाऊल टाकणारी ती पहिलीच बाई. सही करण्याआधी ती माझ्यावर वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"ह्या गच्च्या कोणी केल्या?"

"हमूदाने," सी नूरी म्हणाले.

"म्हणजे गल्लीत उभं राहून केल्या. सगळीकडून भिंतीच भिंती! आमचा रस्ता कुठाय?"

मित्रांनो, आमच्या गावात गल्ल्या पुरुषांच्या आणि गच्च्या बायकांच्या. बायका घरावरून घरावर जातात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण कुठून जातात हे विचारणे म्हणजे असभ्यपणा. म्हणून हमूदाने विचारले नाही, सी नूरींनी विचारले नाही, आणि मी तर बोलूनचालून लाकूड.

मबरूकाने ठोकळ्यावर बोट ठेवले. "पूर्वेकडच्या सगळ्या बायका इथूनच इकडं येतात. नवरी कुठून येणार? वरूनच ना? अहो, सुनेसाठी खोली बांधताय आणि सुनेचीच वाट अडवताय!"

"मग आधी सांगायचं नाहीस?" फरज उसळला.

"तुम्ही खोली म्हणालात, मी कोपऱ्यातली समजले. आधी विचारायचं नाहीत?"

सी नूरी ताडकन उठले. "हे गाव वर पाठवा," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता!"

चार गड्यांनी मला मबरूकाच्या घरी, जिन्याच्या तोंडाशी नेले. तिथून वर पुरुषांचे काम नाही. बायकांनी मला दोराने वर ओढले.

आणि मग ऊन! मित्रांनो, ऊन! इतकी वर्षे मी त्या दिव्यालाच सूर्य समजत होतो. माझ्या चहूकडे खरे गाव पांढरेशुभ्र चमकत होते आणि त्याच्या भिंतींत फटी होत्या, पायऱ्या होत्या, फळ्या टाकलेल्या होत्या. मला हे काहीच माहीत नव्हते. मला लाज वाटायला हवी होती, पण मला इतका आनंद झाला होता की लाज वाटायला सवडच मिळाली नाही.

कोणीतरी गालिच्याची तांबडी लोकर आणली. चुन्यात टाचण्या टोचून बायका माझ्यावर वाटा बांधू लागल्या.

"इथं पायरी आहे."

"अगं, तिथं कुठली पायरी? तिथं माझी कोंबडी बसते!"

"मेला हमूदा स्वतःच्याच घराची पायरी विसरलाय."

"येऊ दे घरी, दाखवते त्याला पायरी," हमूदाची बायको म्हणाली, आणि सगळ्या गच्चीभर हशा पिकला.

खालून फरजचा आवाज आला, "अगं, माझी खोली वाचली का?"

मबरूकाने ठोकळा कोपऱ्यात सरकवला. खऱ्या उन्हात सावली पाहिली. एकाही झरोक्यावर ती नाही, एकाही दोऱ्याच्या आड ठोकळा नाही.

"वाचली! पण लहान होईल!"

"लहान चालेल! शिक्का मिळू दे म्हणजे झालं!"

शिक्का मिळाला. त्यानंतर ठोकळा ठेवताना सी नूरी झरोक्यांबरोबर दोरेही पाहू लागले.

लग्नाच्या संध्याकाळी मी कचेरीत एकटाच होतो. एक तांबडा दोरा आमच्या कचेरीवरूनही जातो. अचानक छतावर पावले वाजली, बायकांच्या हर्षाच्या किलकाऱ्या उठल्या. नवरी आली! मी माझ्याच अंगावर तिचा माग काढू लागलो. झरा मागे पडला, हमूदाचे घर ओलांडले, कोंबडी फडफडली. जिथे भिंत उभी राहणार होती तिथे ती पोहोचली असेल, तेव्हा मी श्वास रोखून धरला. किलकाऱ्या थांबल्या नाहीत. त्या थेट मबरूकाच्या घरापर्यंत गेल्या.

आता लोक जुने गाव सोडून बाहेर नव्या घरांत गेले आहेत, कचेरीत संगणक आले आहेत आणि मी अडगळीच्या खोलीत आहे. मित्रांनो, घर बांधा, हौसेने बांधा. पण त्याआधी, ज्यांना विचारायची रीत नाही त्यांनाही एकदा विचारा. आणि कधी मला भेटायला आलात, तर माझ्यावरची धूळ जरूर पुसा. फक्त ते दोरे ओढू नका. कोणाची तरी नवरी अजून यायची असेल.