सदतीस नंबरची चिठ्ठी

मित्रांनो, काचीगुडा स्टेशनच्या मागच्या बाजूला एक जुने कॉलेज आहे. तिथल्या स्टाफरूममध्ये लोखंडी कपाटावर, बांधून ठेवलेल्या उत्तरपत्रिकांच्या शेजारी, मी बसलेली असते. मी लाकडाची एक साधी पेटी आहे. माझ्या अंगावर तीन लिप्यांमध्ये 'तक्रार पेटी' असे रंगवलेले आहे. उर्दू अक्षरे अजून चांगली दिसतात. तेलुगू निम्मी उडाली आहेत. इंग्रजीतली शेवटची दोन अक्षरे कुणीतरी करकटकाने खरवडून काढली आहेत.

मला अंबरपेठच्या विठ्ठल सुताराने घडवले. ग्रंथालयातले वाळवी लागलेले कपाट मोडले, तेव्हा त्यातल्या शाबूत फळ्या त्याने निवडून घेतल्या. माझ्या झाकणात चिठ्ठी टाकण्यापुरती फट पाडली आणि तिच्या कडा पॉलिश पेपरने बराच वेळ घासल्या. चिठ्ठी टाकताना पोरांच्या बोटात लाकडाचे कुसळ जाऊ नये, एवढीच त्याला काळजी होती.

मला प्राचार्यांच्या खोलीसमोर टांगले. माझ्या खालीच शिपायाचे स्टूल होते. आता शिपायाच्या डोक्यावरून हात नेऊन कोण तक्रार टाकणार? सात वर्षांत माझ्या पोटात बसची तिकिटे पडली, शेंगांची टरफले पडली, एकदा तुटका कंगवा पडला. माझी किल्ली हरवली तेही कुणाच्या लक्षात आले नाही.

मग एके दिवशी अपर्णा मॅडमनी मला खिळ्यावरून काढले.

अपर्णा देऊळगावकर समाजशास्त्र शिकवतात. त्यांच्या घरात तीन पिढ्या मास्तरकी आणि वकिली चालत आलेली. पहिल्या वर्षाला त्यांच्याकडे 'सामाजिक समस्या' हा विषय होता. पुस्तकात चौदा प्रकरणे होती. दारिद्र्य, बेकारी, हुंडा, व्यसन, घरातली मारहाण. प्रत्येकाची व्याख्या, कारणे, परिणाम आणि उपाय. मुले व्याख्या उतरवून घेत आणि मागच्या बाकांवर पेंगत. त्या सकाळी मॅडमनी पुस्तक मिटले होते आणि विचारले होते, "यातलं काहीच ज्यांच्या घरी नाही, त्यांनी हात वर करा."

साठच्या साठ हात वर गेले. एक मुलगा तर म्हणाला, "मॅडम, हमारे घर में ऐसा कुच नै."

मॅडम त्या हातांकडे बघत राहिल्या होत्या. तिथून त्या थेट माझ्याकडे आल्या. दुपारी त्यांनी मला नवे कुलूप लावून घेतले आणि दुसऱ्या दिवशी वर्गातल्या टेबलावर ठेवले. "नाव लिहू नका. कुठल्याही भाषेत लिहा. तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं एक काहीतरी लिहा."

आठवडाभर मी रिकामी राहिले. मग पहिली चिठ्ठी पडली. तिच्यात लिहिले होते, "मला वर्गात झोप येते. मी आळशी आहे."

मॅडमनी ती वाचली आणि विचारले, "पाच तासांहून कमी झोप कुणाकुणाला मिळते?" तेवीस हात वर आले. कुणी लग्नात वाढपी म्हणून जात होते, कुणी जेवणाचे डबे पोचवत होते, कुणाला पहाटे टँकरच्या रांगेत उभे राहावे लागत होते. मॅडमनी फळ्यावर तेवीस हा आकडा लिहिला आणि म्हणाल्या, "एकाला झोप आली तर तो आळशी. तेवीस जणांना आली तर काय म्हणायचं?" त्या दिवशी कुणी पेंगले नाही.

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. दर गुरुवारी माझे कुलूप उघडे. चिठ्ठ्या तेलुगूत असत, उर्दूत असत, इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या हिंदीत असत. मुले एकमेकांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागली. माझे नाव झाले. दुसऱ्या कॉलेजांत भाषण द्यायला मॅडमना बोलावणी आली, आणि त्या मला रिक्षात शेजारी बसवून घेऊन जात. माझे फोटो निघाले. मलाही ते आवडू लागले, हे खोटे कशाला सांगू? पण हळूहळू मॅडम चिठ्ठ्या निवडू लागल्या. "पंखा चालत नाही" अशी चिठ्ठी निघाली की ती बाजूला सारत. ऐकणाऱ्यांच्या काळजाला हात घालील अशी चिठ्ठी त्यांना हवी असे.

वर्गात खिडकीशेजारी एक मुलगी बसायची. हजेरीत तिचा नंबर सदतीस. नाव श्रुती. ती अंबरपेठेत राहायची आणि तिचा चुलतभाऊ अमोल त्याच वर्गात होता. वर्गात चार-पाच मुले मराठी घरांतली होती, पण मराठी लिहिणारी श्रुती एकटीच. तिला तिच्या आईने घरी शिकवले होते. हे अमोलला ठाऊक होते. मॅडमना ठाऊक नव्हते.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी, वर्ग रिकामा असताना, श्रुतीने माझ्यात एक चिठ्ठी टाकली. टाकल्यावर तिने फटीत बोटे घालून ती पुन्हा काढायचाही प्रयत्न केला. बोटे पोचली नाहीत. मग ती निघून गेली. दोन दिवस ती चिठ्ठी माझ्या तळाशी पालथी पडून होती.

गुरुवारी कॉलेजची पाहणी करायला बाहेरून समिती आली. पाहुणे मागच्या बाकांवर बसले. प्राचार्य दारात उभे राहिले. मॅडमनी सर्वांसमोर मला उघडले. दोन चिठ्ठ्या मनात वाचून बाजूला ठेवल्या. तिसरी उघडली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"ही चिठ्ठी मराठीत आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या मातृभाषेत. मी अर्थ सांगते."

आणि त्यांनी सांगितले. चिठ्ठीत लिहिले होते: "बाबांनी आईचा हाथ मोडला. दवाखान्यात मीच डॉक्टरांना सांगितलं की आई बाथरूममध्ये घसरली. मी इतकं चांगलं खोटं बोलले की डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही. आता बाबा माझ्याशी फार प्रेमाने बोलतात."

पाहुण्यांपैकी एका बाईंनी डोळे पुसले. मॅडम फळ्याकडे वळून बोलू लागल्या. घरातली मारहाण का लपते, ती लपवायला घरातलीच माणसे कशी मदत करतात, हे त्यांनी फार सुंदर समजावून सांगितले. इतका चांगला तास मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. श्रुती मात्र फळ्याकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. ती नजर, मित्रांनो, अजूनही माझ्यावरून हललेली नाही. आणि दोन बाक मागे बसलेला अमोल श्रुतीकडे बघत होता.

पाहुणे चहा घेऊन गेले. मॅडम स्टाफरूममध्ये एकट्या बसून चिठ्ठ्या आवरत होत्या. तेव्हा ती चिठ्ठी त्यांच्या हातात उलटी झाली. मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक ओळ होती. "मॅडम, हे फक्त तुम्हाला सांगायचं होतं. वर्गात वाचू नका."

शेजारच्या टेबलावरच्या माधवी मॅडम सांगत होत्या, "समिती खूश आहे हं, अपर्णा!" अपर्णा मॅडमनी ती चिठ्ठी पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी सदतीस नंबर गैरहजर होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आठवड्याने मॅडमनी अमोलला बाहेर बोलावले. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "काकांनी तिचं कॉलेज बंद केलं."

मग एका दुपारी स्टाफरूमच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता आणि त्यावरून पदर घेतलेला होता.

"मी कुसुम. श्रुतीची आई. तिचा टीसी न्यायला ह्यांनी पाठवलंय."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "बसा ना, कुसुमताई."

"नको. रिक्षा थांबवलीय." त्यांचे लक्ष टेबलावर माझ्याकडे गेले. "हीच का ती पेटी?"

"चूक माझी आहे," मॅडम म्हणाल्या. "मी ती वाचायला नको होती."

कुसुमताईंनी डाव्या हाताने माझ्या झाकणावरची धूळ पुसली. उगाचच. मग त्या सावकाश बोलू लागल्या. "अमोलने घरी त्याच्या आईला सांगितलं. ती माझी जाऊ. तिने येऊन मला विचारलं, वहिनी, खरंय का? वीस वर्षांत हे पहिल्यांदा कुणी विचारलं. आता ती रोज येते. काही बोलत नाही, भाजी निवडत बसते. ती बसलेली असली की हे हात उचलत नाहीत. पण श्रुतीला ह्यांनी नांदेडला आत्याकडे धाडलं. फोन काढून घेतला. मला बरं आणि तिला शिक्षा, असं झालं, मॅडम."

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली, पण कुसुमताई बसल्या नाहीत.

"ती चिठ्ठी द्याल का मला? तिने काय लिहिलं ते सगळ्यांनी ऐकलं. मी नाही वाचलं."

मॅडमनी पर्समधून चिठ्ठी काढून दिली. कुसुमताईंनी उभ्या उभ्या ती वाचली. "हात," त्या पुटपुटल्या. "हाथ नाही. किती वेळा सांगितलं हिला." मग त्यांनी कागद उलटला आणि मागची ओळ वाचली. बराच वेळ वाचली. एवढीशी ओळ, पण तेवढा वेळ लागला. मॅडमकडे त्यांनी पाहिले नाही. कागद घडी करून कमरेला खोचला आणि त्या दाराशी गेल्या. तिथे थांबल्या.

"टीसी आज तयार नाही, असं सांगू का घरी?"

मॅडम म्हणाल्या, "उद्याही तयार नसेल. परवाही नसेल."

म्हणून हजेरीतून श्रुतीचे नाव कमी झाले नाही. मॅडम रोज हजेरी घेताना "थर्टी सेव्हन" म्हणत आणि उत्तराची वाट पाहत. छत्तीसनंतर आणि अडतीसच्या आधी ती एक शांतता रोज येई. पहिल्यांदा मुले हसली. मग हसायची थांबली. पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येई. मी टेबलावर असे, आणि मला वाटे की ती शांतता माझ्या फटीतून आत शिरते आहे.

महिनाभराने एका सकाळी त्या शांततेत अमोल उभा राहिला. "मॅडम, मी बोललो. घरी मीच बोललो. मला वाटलं आई काकूला मदत करेल. मागच्या खोलीत बाबा होते, मला माहीत नव्हतं. बाबांनी काकांना सांगितलं."

"बस, अमोल," मॅडम म्हणाल्या. त्यांनी हजेरीपट मिटला. "तू घरी एका माणसाला सांगितलंस. मी साठ जणांना सांगितलं, आणि पाहुण्यांनाही. चिठ्ठीच्या मागे 'वाचू नका' असं लिहिलेलं होतं. मी उलटून पाहिलं नाही, कारण पुढची बाजू मला फार आवडली होती. हे लिहून घ्या. हे आपल्या पुस्तकात नाही."

मुलांनी खरोखरच लिहून घेतले. त्या दिवसानंतर मॅडमनी माझ्या फटीवर जाड कागद चिकटवला.

परीक्षा जवळ आली. श्रुतीची हजेरी कमी होती, पण मॅडम प्राचार्यांकडे तीनदा गेल्या आणि तिचे हॉल तिकीट हातात घेऊनच परत आल्या. अमोलच्या आईने घरी ठणकावून सांगितले की आपण स्वतः नांदेडला जाऊन पोरीला आणणार. आणि आणले. परीक्षेच्या आदल्या दिवशी श्रुती स्टाफरूममध्ये आली. वाळली होती. हॉल तिकिटावर सही करताना ती म्हणाली, "मॅडम, मी मागे लिहिलं होतं."

"हो."

"तुम्ही पाहिलं नाही?"

"नाही पाहिलं. श्रुती, मी तुझी..."

"आई आता बरी आहे," श्रुती मध्येच म्हणाली. "मावश्या-काकवा सगळ्या येतात. लोक म्हणतात, तुमच्यामुळे झालं. पण मला विचारून झालं नाही ना." ती रागावलेली नव्हती. तेच जास्त कठीण होते. जाताना तिने मला पाहिले आणि दुसऱ्या बाजूने वळसा घालून गेली.

ती पास झाली. दुसऱ्या वर्षाला तिने समाजशास्त्र सोडून दिले.

मलाही मग कपाटावर ठेवण्यात आले. माझे कुणी कौतुक करत नाही, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. दुपारी स्टाफरूम रिकामी झाली की मात्र कधीकधी माझ्या फटीत दोन बोटे चाचपडताना जाणवतात. काहीतरी परत घ्यायला आलेली. तिथे कुणी नसते. फट तर केव्हाच बंद झालेली आहे.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. कुणी आपले दुःख तुमच्याजवळ ठेवले, तर ते पुढे नेण्याआधी त्याला विचारा. चांगल्या कामासाठी न्यायचे असले तरी विचारा. तो नको म्हणाला तर त्याच्यापाशी थांबा, पण ते त्याच्या हातून काढून घेऊ नका.

श्रुती आता शेवटच्या वर्षाला आहे. रोज सकाळी ती स्टाफरूमवरून जाते. अपर्णा मॅडम तिची पावले ओळखतात. त्या वाचन थांबवतात, पण हाक मारत नाहीत. दार मात्र त्यांनी उघडे ठेवलेले असते, ऐन थंडीतसुद्धा.