मोहनरावांची थंडीतली तुमान

पातळ घ्यावी की आतून लोकरीसारखी, बुडाखाली गादी असावी की नसावी, यावर मोहनरावांनी गेवराईच्या सायकलवाल्याचं डोकं पार खाल्लं. शेवटी घेतली ती गादीवाली, काळी, अंगाला घट्ट चिकटणारी तुमान. थंडीत सायकल मारायची म्हणजे मांड्यांना ऊब नको?

रविवारी सकाळी ते चकलांब्यापर्यंत गेले आणि लेकीच्या सासरी चहाला टेकले. तिथंच घोळ झाला. विहीणबाई पदर ओढून ज्या आत पळाल्या, त्या बाहेरच येईनात. व्याही सोमेश्वररावांना वाटलं, गडी गडबडीत आतल्या कपड्यांवरच निघाला. एका शब्दानं न विचारता त्यांनी मोहनरावांना पाटावर बसवलं, कुंकू लावलं, टोपी-टॉवेल दिला आणि वर कोरं धोतर ठेवलं.

"नेसा आधी," ते म्हणाले. "लई गार हाय."

व्याह्याचा आहेर नाकारायचा कसा? मोहनराव तुमानीवर धोतर नेसून, सायकलच्या चेनपासून सोगा सांभाळत घरी आले. बायको मंजुळाबाई हसून हसून बेजार.

पुढच्या रविवारी सोमेश्वरराव स्वतःच दारात. आता पाटावर बसायची पाळी त्यांची. मोहनरावांनी कुंकू लावलं आणि कोरं धोतर पुढं केलं.

व्याह्यांनी ते हळूच मागं सारलं. "सूनबाईनं मागनं समदं सांगितलं," ते कुजबुजले. "धोतर राहू द्या. तसली तुमान द्या. गादीवाली."