आठ कोनांचं वृंदावन

मेहबूब गवंड्याची ही मिजास द्वारकाकाकूंना बिलकूल खपत नव्हती. काही विचारावं, तर हा मान वर न करता "होईल, काकू" म्हणून मोकळा. उद्या तुळशीचं लग्न, आणि यंदा आठ कोनांचं वृंदावन होणार असं काकू अख्ख्या नारायण पेठेत सांगून बसलेल्या. अंगणात मात्र सांधलेल्या दोन दगडांचा कोपरा कावळ्याच्या चोचीसारखा टोकदार. आणलेल्या दहांतले दोन असे वाया गेले. उरले नेमके आठ.

"हा कोपरा काढलास कसा?"

मेहबूबनं काटकोन तपासायचा लाकडी गुण्या उचलला. "चौकोनाचा कोपरा या गुण्याएवढा. बाजू दुप्पट, म्हणून कोपरा निम्मा."

"म्हणूनच चोच आली. तिसऱ्या दगडाला हात लावू नकोस."

जुनं चौकोनी वृंदावन अजून उभंच होतं. पदर खोचून, पूर्वेला तोंड करून काकूंनी त्याला प्रदक्षिणा घातली. चौथ्या कोपऱ्यावर वळल्या, तर तोंड पुन्हा पूर्वेला. त्या थबकल्या. पुन्हा फिरल्या, या वेळी भरभर, वळणं मोजत.

"मेहबूब, कोपरे चार असोत की आठ, बाई फेरी एकच घालते ना?"

"एकच."

"चार वळणांत फेरी पुरी, म्हणजे दर वळणाला एक गुण्या. तेच आठ वळणांत वाटलं तर?"

"अर्धा गुण्या. मग मी वेगळं काय म्हणालो?"

"अरे, निम्मं होतं ते वळण, कोपरा नव्हे. वळलेच नाही तर सरळ रेघ, म्हणजे आतला कोपरा दोन गुण्यांचा. त्यातून वळणाचा अर्धा काढ. आत काय उरलं?"

मेहबूबनं बोटांवर मोजलं. "दीड."

त्यानं सारख्या लांबीच्या आठ कामट्या धुळीत मांडल्या, दर सांध्याला आत दीड गुण्या धरून. पाचवी, सहावी, सातवी. काकू वाकल्या. आठवीचं टोक पहिलीला अलगद जाऊन टेकलं.

"सहा कोन असते तर?" आता मेहबूबच पुढे सरकून विचारू लागला.

"तेच चार गुण्यांचं वळण सहा कोपऱ्यांत वाटायचं. फेरी काय वाढणार आहे?"

त्यानं हसत छिन्नी उचलली. काकूंनी खोचलेला पदर सोडला.

"दगड तू उत्तम फोडतोस, मेहबूब," त्या म्हणाल्या. "डोकं मात्र चौकोनीच. यापुढे मोजायचं काम निघालं की आधी मला हाक मारायची."