आप्पांच्या गोळ्या

शहाण्णव साली डॉक्टर रुद्राणी औरंगाबादहून परळीजवळच्या कुष्ठधामात यायला लागली. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच म्हातारपणी मेंदूवर उलटतात आणि माणूस विसरत जातो, असा तिचा कयास होता. कुष्ठरोगावरची डॅप्सोनची गोळी त्या पेशींना आवरते का, हे तिला शोधायचं होतं. तिथली म्हातारी रुग्ण सत्यभामा कित्येक वर्षं ती गोळी खात आलेली. स्वतःच्या लग्नात कोण कशावरून रुसलं, तेही सांगायची.

रुद्राणीचा मुक्काम परळीत आईवडिलांच्या घरीच असे. तिचे वडील, सिद्धलिंगआप्पा, स्टेशनजवळचे किराणा दुकानदार. आता मीठ मागितलं की साखर बांधून द्यायचे. पोटच्या पोरीलाच विचारायचे, "काय देऊ, बाई?"

संशोधन पुरं व्हायला वर्षं लागणार होती. तिनं आईच्या, मल्लम्माच्या हातात त्याच गोळ्यांची पुडी ठेवली. "ताकदीच्या आहेत. रोज एक दे."

काहींच्या रक्तपेशी या गोळीनं फुटतात. म्हणून कुष्ठधामात ती प्रत्येकाचं रक्त आधी तपासून घ्यायची. आप्पांचं तपासलं नाही. तपासायचं तर आईला खरं सांगावं लागलं असतं.

पुढच्या खेपेला ती दुकानात शिरली, तर आप्पा म्हणाले, "रुद्रा, लई वाळलीस गं."

ती तिथंच पोत्यावर बसून रडली. योगायोगही असेल, पण तेव्हा तसं वाटलं नाही. आप्पांचे ओठ निळसर दिसत होते. थंडीनं असेल, असं तिनं मनाला समजावलं.

आठवड्यात आईचा फोन आला. "ह्यांचे डोळे हळदीवानी पिवळे झालेत. लघवी कोऱ्या चहावानी हाय. उठता येत न्हाई."

अंबाजोगाईच्या दवाखान्यात रक्त चढवावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी औषध विचारलं. रुद्राणीनं सांगितलं.

बाहेर येऊन तिनं आईला विचारलं, "रोज एकच देत होतीस ना?"

"ह्यांनी तुला हाक मारली त्या दिसापासनं दोन द्यायला लागले. गुण येत होता की."

आप्पा वाचले, पण घरी आले ते बायकोलाही न ओळखणारे. महिन्याभरानं, ते भिंतीकडं तोंड करून बसलेले असताना, मल्लम्मानं पदराची गाठ सोडली. आत चार गोळ्या होत्या.

"अर्धी दिली तर?"

"आई, जीव जाईल त्यांचा." रुद्राणीनं हात पुढं केला.

मल्लम्मानं मूठ मिटून घेतली. "तू जाशील औरंगाबादला. इथं मला हाक कोण मारंल?"