सोजरबाईची पात

सोयाबीन सोंगताना, म्हणजे विळ्यानं कापताना, बायका एका रांगेत बसतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला पिकाची एक लांब पट्टी येते. तिला पात म्हणतात. रिसोडकडच्या नानाजींच्या वावरात वस्तीवरच्या बायका अशाच सोंगत. गेल्या हंगामापासून त्या मधली एक पात मोकळी सोडत आणि दिवस कलताना सगळ्या मिळून ती संपवत. ती सोजरबाईची पात.

सोजरबाई याच वावरात उन्हानं गेली. निंबाखाली पाण्याचा निळा कॅन भरलेला होता. पण त्याची तोटी नानाजींच्या घरच्या माणसानं फिरवायची आणि वस्तीवरच्या बायकांनी नुसती ओंजळ धरायची, असा तिथला नेम. त्या दुपारी घरचं कुणी नव्हतं. सोजरबाई कॅनला हात न लावता त्याच्याशेजारी बसून राहिली आणि तशीच सापडली.

यंदा वस्तीवरच्या रुखमाबाईनं मजूर बायकांची संघटना बांधली. मागणी एकच होती, तोटी आम्ही आमच्या हातानं फिरवू. नानाजी "जमत नाई" म्हणाले, म्हणून संप. शेंगा तडकायला आल्या होत्या. एकीनंही विळा उचलला नाही, तर नानाजींना ऐकावंच लागलं असतं.

सकाळी सगळ्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसल्या. थोड्या वेळानं वावरातून आवाज यायला लागला. खर्र, खर्र.

"काहून व रुखमाबाई," निंबाखालून नानाजी हसले, "संप हाय ना? तुमची एक तं लागली कामाले!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"गोजरा, तू तं नाई ना?" कुणीतरी म्हणालं.

"मी इथं बसून राह्यली ना, डोये फुटले काय तुहे?"

"हो व. तुह्या हाताले इतका जोर तरी कुठं हाय!"

हसू फुटलं आणि लगेच विरलं. सगळ्या धुऱ्यावरच होत्या. वारा पडलेला होता. मधल्या पातीतली झाडं एकेक करून आडवी होत होती आणि बाजूला नीट पेंढी लागत होती. आवाज मधेच थांबे, विळ्याचं पातं लुगड्याच्या काठाला पुसल्यासारखी सळसळ होई, मग पुन्हा खर्र.

सोजरबाईची लेक राखी उभी राहिली. ती सळसळ तिनं लहानपणापासून ऐकली होती.

"माय हाय," ती म्हणाली. "तिले कोनं सांगतलं व संपाचं?"

रुखमाबाई घरोघर फिरली होती. जिची पात अजून राखली जात होती, तिला सांगायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं.

राखी पातीच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. नुकत्याच कापलेल्या वाळक्या देठांचा वास येत होता.

"माय, आज काम बंद हाय. पाण्यासाठी बसलो आमी. तू सोंगलं तं आमी हारलो."

खर्र.

"ठेव विळा, माय. तुह्यासाठीच बसलो."

आवाज थांबला. अर्धवट वाकलेलं एक झाड हळूच सरळ झालं, जणू कुणाची मूठ सैल झाली.

नानाजींचं हसू केव्हाच गेलं होतं. त्यांनी घाईनं तोटी फिरवून गिलास भरला. "घ्या व, घ्या. मी देतो सगळ्यायले."

"तुमी देता, तेच तं भांडण हाय," रुखमाबाई म्हणाली.

"मंग घ्या आपल्या हातानं! आजपासून कायमचं!"

कुणी उठलं नाही. "पयले तिले म्हना," राखी म्हणाली.

नानाजींनी गिलास खाली ठेवला. वावराकडे तोंड करून कसंबसं ते बोलले, "सोजरबाई... घे पानी. तुह्या हातानं घे."

मग नानाजींच्या मागे तोटी करकरली. पाण्याची धार लागली. ती वीतभर खाली येई आणि तिथंच संपे. खालची माती कोरडीच राहिली. नानाजी वळून बघेनात. कॅनमधलं पाणी उतरत गेलं, तशी धार बारीक होत होत थेंबावर आली.

राखी चालत आली आणि तिनं तोटी बंद केली. तोटीला राखीचा हात पहिल्यांदाच लागत होता. तोटी ऊबदार होती, कुणी आत्ताच हात काढून घ्यावा तशी.