बिबळ्याचा डावा कान

साहेब, बेहड्याच्या वाडीवरचा बिबळ्या तुम्ही मारला नाहीत. तुम्ही मारलीत ती पेरूच्या बागेत पाण्याला येणारी एक मादी. गावातली दोनचार कुत्री सोडली तर तिने कुणाला नख लावलं नव्हतं. हे तुम्हाला तेव्हाही ठाऊक होतं, आजही आहे. तुमचं नाव इथे घालत नाही. नाव घातलं तर तुम्ही नावावरून भांडत बसाल आणि कानाबद्दल अवाक्षर काढणार नाहीत. आणि ही गोष्ट कानाची आहे.

नजीर फोटोवाल्याचं दुकान नाशकात भद्रकालीच्या अंगाला, आणि बापाकडून आलेली पेरूची बाग गंगापूरच्या रस्त्याला. दुकानात दिवसभर नवरानवरी, मुंजीचे बटू, पागोटेवाले सावकार. सगळ्यांच्या पाठीमागे एकच रंगवलेला पडदा. पडद्यावर तळं आणि तळ्यात एक बदक. सन छत्तीसच्या सुमारास नजीर त्या बदकाला इतका विटला होता, की सकाळी दुकान उघडायच्या आधी तो बागेत जाऊन बसे. खरं काहीतरी बघावं, एवढीच इच्छा.

बागेत मोटेचं पाणी जिथे पडे तिथे दगडी हौद होता. हौदासमोर राखणीचा माळा. माळ्याखाली तिकाटण्यावर कॅमेरा, त्यावर गोणपाट, आणि कॅमेऱ्यापासून वर माळ्यापर्यंत रबराची लांब नळी. नळीच्या टोकाला फुगा. फुगा दाबला की खाली फोटो निघे. हौदाच्या काठावर भिंगाची नजर आधीच साधून ठेवलेली. मुंगूस यायचं, मोर यायचे, भारद्वाज तर घरच्यासारखा. पण मुंगूस हलायचं, मोर मान हलवायचा, आणि कितीतरी काचा धुतल्यावर नुसता धूर निघायचा. फोटो आधी काचेवर निघतो, हे नव्या वाचकाला सांगितलेलं बरं. काचेवर सगळं उलटं दिसतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. काच कागदावर उतरली की मग माणूस माणसासारखा होतो.

थंडी पडली आणि बिबळीण येऊ लागली. आधी ओल्या मातीत पंजे दिसले, मग ती स्वतः. पाणी प्यायची, आणि पेरूच्या शेंड्यांवरून ऊन उतरलं की हौदाच्या दगडावर अंग शेकत बसायची. गुरुवारी दर्ग्याला येणाऱ्या बाईसारखी. ठरल्या वेळी यायचं, कुणाशी बोलायचं नाही, निघून जायचं. नजीरने रोज नुसतं पाहिलं. फुगा हातात, पण दाबवेना. शेवटी संक्रांतीच्या आधी एका सकाळी तिने मान वळवून थेट माळ्याकडे पाहिलं, आणि त्याने दाबला.

"हलली नाही," त्याने घरी येऊन सलिमाला सांगितलं. "मुंजीतल्या बटूंपेक्षा शहाणी आहे."

सलिमा त्याची बायको. दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी तिचं तिरकं मेज होतं. त्यावर काच लावायची, खाली आरसा धरायचा, आणि सुईसारखी टोक काढलेली पेन्सिल घेऊन टचिंग करायचं. देवीचे वण, डोळ्याखालच्या सुरकुत्या, दातांतली फट, काचेवरच बुजवायची. नाशकातल्या निम्म्या मुली या बाईच्या पेन्सिलीने उजवल्या, असं गावात म्हणत. तिला बाहेर कुणी पाहिलं नव्हतं, पण तिच्या हाताखालून गेल्याशिवाय कुणाचं थोबाड दुकानाबाहेर पडत नसे. तुमचंही, साहेब. तुमच्या गालांवरची देवी तिनेच पुसली आणि तो फोटो कचेरीत तुमच्या डोक्यावर लटकतो.

बिबळिणीची काच तिने मेजावर लावली आणि हाक मारली.

"सुनो जी, तुमच्या वाघिणीचा डावा कान चिरलाय."

"चिरलेला नाही. गवताची काडी आडवी आली. मी बघत होतो ना."

"काडी असो की चीर, फोटोत चीरच दिसणार. लोक म्हणतील, नजीरमियांकडे वाघसुद्धा फाटक्या कानाचा येतो."

"मग राहू दे."

"राहू दे? आपल्या काचेवरून कुणी खोट घेऊन गेलंय आजवर?"

त्यालाही ते पटलं. माणसाला जो न्याय तोच जनावराला. तिने पेन्सिलीच्या दोनचार फटकाऱ्यांत काडी बुजवली. कान साबूत झाला. खरं तर तो साबूतच होता. पण साबूत कान साबूत दाखवायला पेन्सिल लागली, आणि सगळं तिथेच फसलं. हे त्या वेळी दोघांच्याही ध्यानात आलं नाही. त्यांच्या धंद्यात येणारही नव्हतं.

आता वाडीचं. नदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात बेहड्याची वाडी. तिथे त्या पावसाळ्यात एक बिबळ्या सोकावला होता. आधी शेरडं नेली, मग गवताला गेलेला एक म्हातारा नेला. दसऱ्याच्या सुमाराला त्याने नवसाबाईची शेळी रात्री दारातून धरली. ही बाई विळा घेऊन धावली आणि तिने तो हाणला. शेळी गेली, पण बिबळ्याचा डावा कान बुडातून तिच्या अंगणात पडला. तो कान तिने कचेरीत आणून दाखवला होता. कुणीतरी नाकाला रुमाल लावून तो फेकून दिला. मात्र तेव्हापासून वाडीवर दोन बंदूकवाले शिपाई बसवले गेले. बाया पुन्हा ओढ्यावर जाऊ लागल्या.

बिबळिणीचा फोटो नजीरने दुकानाच्या दर्शनी कपाटात लावला आणि बुधवारच्या बाजाराला आलेली नवसाबाई तिथे थबकली. सोबत तिची जाऊ भागीबाई, डोक्यावर हिरड्यांची पाटी.

"बया बया!" भागीबाई म्हणाली. "काचंत कोंडलाय गं!"

"कोंडायला त्यो काय आपली सासू हाय?" नवसाबाई काचेला नाक लावून पाहू लागली. मग मान हलवली. "आमचा नव्हं ह्यो. ह्याला दोनी कान हायेत."

नजीर बाहेर आला. "बाई, ही माझ्या बागेतली. तुमच्याकडचा वेगळा."

"आमच्याचा एक कान म्या काढून घेतला, मियांभाई. राह्यला त्यो त्याच्या बायकूला."

भागीबाई खदाखदा हसली. मग म्हणाली, "माझाबी फोटू काढा की. का जीव वढून घेतं तुमचं यंत्र? आमची म्हातारी म्हनायची."

"आजवर कुणी मेलं नाही."

"मंग बरं. पन फुकट नाय ना काढायचे?"

"फुकट काढतो. पुढच्या बुधवारी नवं लुगडं नेसून या."

"नवं आनू कुठून? ती येवल्याची पैठनी मागून आना, मंग येते," असं म्हणून ती पाटी सावरत गेली. ती आली नाही. तिचा फोटो नाही. हे पुढे लक्षात ठेवावं.

त्याच आठवड्यात तुम्ही तुमच्या नव्या फोटोची प्रत घ्यायला आलात, साहेब. कपाटासमोर उभे राहिलात. "कुठला हा?" विचारलंत. नजीर फुशारला. सबंध जिल्ह्यात कुणी जिवंत बिबळ्या असा समोरून टिपला नव्हता. त्याने बाग सांगितली, हौद सांगितला, बसायची जागाही सांगितली. तुम्ही "वा" म्हणालात.

मग तुम्ही नजीरच्या माळ्यावर, नजीरच्याच जागी बसलात. त्याला विचारलंसुद्धा नाहीत. बिबळीण आपल्या वेळेला आली, पाणी प्याली, उन्हाला बसली, आणि आवाज झाला म्हणून माळ्याकडे वळून पाहिलं. सवयीने. गोळी डाव्या कानातून डोक्यात गेली.

नजीरला निरोप आला तो कॅमेरा घेऊन यायचा. कचेरीपुढच्या अंगणात बिबळीण टाकलेली, तिच्यावर साहेबांचा, म्हणजे तुमचा, बूट, भोवती माणसं. नवसाबाईला ओळख पटवायला आणवलं होतं. भागीबाई तिच्या मागे.

साहेब म्हणाले, "हाच ना? कान बघ."

नवसाबाई खाली बसली. तिने कानाला हात लावला आणि बोटं पाहिली.

"ह्यो नव्हं. ह्याचं रगत आजून वलं हाय. मी तर दसऱ्याला हानला."

"डावाच कान आहे ना?"

"डावा हाय. पन हाय की! माझ्या हातचा बुडातून गेला व्हता. हितं नुसता फाटलाय."

"अंधारात तू काय पाहिलंस!"

"अंधारात कुठं? कान तर म्या दिवसा हितं आनून दिला. तुमीच टाकला."

माणसं हसली, आणि साहेबांच्या कपाळाला आठी पडली. भागीबाई मागून पुटपुटली, "साह्यब म्हनत्यात तर आसंल बाई त्योच. आपल्याला काय, मेला म्हंजी मेला." नवसाबाईने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

नजीरने काळ्या कापडाखाली डोकं घातलं आणि फोटो काढला. उलटा, लहानसा, भिंगातून दिसणारा साहेब बिबळिणीवर पाय देऊन उभा होता. निघताना साहेब हळूच म्हणाले, "चेहरा मागच्यासारखाच स्वच्छ करून घे."

दोन दिवसांत वाडीवरचे शिपाई परत बोलावले. बिबळ्या मेला, मग शिपाई कशाला? नवसाबाई पुन्हा चालत नाशकात आली आणि दुकानाच्या पायरीवर बसली.

"मियांभाई, तुमच्या फोटूत दोनी कान हायेत. त्यो फोटू दसऱ्याच्या मागनं काढला ना?"

"संक्रांतीच्या तोंडावर."

"मंग जाऊन दाखवा. माझं कोन ऐकतंय? फोटू तर खोटं बोलत नाय ना?"

नजीर गेला. कागदावरचा फोटो नको, कुणी म्हणेल कागदावर रंग दिला. म्हणून त्याने मूळ काचच नेली. हीच त्याची चूक म्हणायची तर म्हणा. दुसऱ्या कुणी कागद नेला असता. काच म्हणजे सच्चाई, असं फक्त फोटोवाल्यालाच वाटतं.

साहेबांनी काच हातात घेतली. ठिपके मेलेल्या बिबळिणीच्या कातड्यावरच्या ठिपक्यांशी जुळले. जनावर तेच, हे दोघांनाही मान्य. मग साहेबांनी काच खिडकीपाशी नेऊन तिरपी केली. काचेवर पेन्सिल कुठे लागली आहे ते तिरपं धरल्यावर चमकतं. हे साहेबांना नजीरनेच एकदा कौतुकाने दाखवलं होतं, त्यांच्या स्वतःच्या गालांवर.

डावा कान चमकला.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"टचिंग आहे. पण साहेब, त्याच्याखाली गवताची काडी आहे. कान अखंड आहे."

"पूस."

नजीरने कचेरीच्या दारांना रंग देणाऱ्या रंगाऱ्याकडून टरपेंटाईन मागून घेतलं, रुमालाचं टोक बुडवलं आणि पेन्सिल पुसली. काडी वर आली. कानाच्या मधोमध, सरळ, पातळ. सलिमा म्हणाली होती तेच झालं. काडी असो की चीर, फोटोत चीरच दिसते.

"फाटलेलाच आहे की," साहेब म्हणाले. "दसऱ्याचाच. तूच बुजवलास."

"काडी आहे, साहेब. ती कानाच्या वरही दिसते, बारीक बघा. खालीही."

साहेबांनी बारीक बघितलं नाही. ते उठले, आणि भिंतीवरच्या आपल्या फोटोकडे बोट केलं. गुळगुळीत गाल, सरळ नाक.

"नजीर, तू माझे वण घालवलेस. तुझ्या काचेवर मी कसा विश्वास ठेवू? उद्या तू शेपूट लावशील."

शेजारचे दोघे कारकून हसले. नजीरने काच कापडात गुंडाळली. त्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. धंद्याचं खाल्लेलं मीठ अशा वेळी आठवतं.

शिपाई वाडीवर परत गेले नाहीत. होळीच्या आधी, उजाडल्यावर, ओढ्यावर पाण्याला गेलेल्या भागीबाईला बिबळ्याने नेलं. दोन हंडे काठावर उभेच होते. नवसाबाई मागून येत होती. तिने ओरडून दगड मारले. तो पाचोळ्यातून वर चढला, एकदा वळला, आणि तिने पाहिलं. डाव्या बाजूला कान नव्हता. बुडाशी नुसता गुठळा, जुना, केस उगवलेला.

कचेरीतून उत्तर आलं की हा दुसरा, नवीन बिबळ्या आहे.

ते ऐकून नजीर मागच्या खोलीत गेला. सलिमा मेजापाशी बसली होती. समोर साहेबांची काच, बिबळिणीवर पाय दिलेली. चेहऱ्याचं काम ती पुरं करत आली होती.

"त्या बाईचा फोटो काढला होता का तुम्ही?" तिने विचारलं. "लुगड्यावाली."

"नाही."

ती काचेकडे वळली. मग तिने पेन्सिल खाली ठेवली, बाटलीचं बूच काढलं, चिंधी भिजवली आणि साहेबांचा एक गाल पुसला. मग दुसरा.

"धुलाई झाली," ती म्हणाली. "आता छापा. मोठा छापा."

आज ते दोन फोटो दुकानाच्या कपाटात शेजारी शेजारी आहेत. एकीकडे बिबळीण, कानावर काडी तशीच. दुसरीकडे साहेब, गालांवर देवी तशीच. खाली सलिमाच्या अक्षरात एक पट्टी: या दोन्ही काचांवर पेन्सिल नाही. बुधवारी बाजाराची माणसं थांबून वाचतात, वाचता न येणारे दुसऱ्याकडून वाचून घेतात. कचेरीचा माणूस दोनदा येऊन गेला. "उतरव" म्हणाला. "साहेबांनाच स्वतः येऊन सांगू दे," नजीर म्हणाला. "काडी आहे की चीर, तेही सांगून जाऊ दे."

साहेब आले नाहीत. नवसाबाई मात्र दर बुधवारी कचेरीच्या फाटकाशी उभी राहते, आणि तिला आत सोडत नाहीत. म्हणून तिचा प्रश्न मी इथे लिहितो. मला आत सोडा अथवा नका सोडू.

साहेब, कानतुटका तुम्ही मारला होतात ना? मग भागीबाईला कुणी नेलं? उत्तर द्या.